७ मिनिटं ४२ सेकंद

जानेवारीतली गोष्ट. वाकडमध्ये आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर एक मावशी संध्याकाळी भाजीची गाडी लावतात. मेथीची जुडी, पाव किलो टोमॅटो आणि कोथिंबीर घेतली. ५५ रुपये झाले. क्यूआर कोड स्कॅन केला, रक्कम टाकली आणि यूपीआय पिन टाकायला गेले, तर पिन आठवेना.

तीन वर्षं मी तोच पिन वापरतेय, दिवसातून चार-पाच वेळा. तो मला पाठ होता असंही म्हणता येणार नाही, बोटांनाच पाठ होता. त्या दिवशी बोटं स्क्रीनवर नुसती थांबून राहिली. अंदाजाने टाकला, चुकला. परत टाकला, परत चुकला. तिसऱ्यांदा चुकल्यावर २४ तासांसाठी बंद झाला. मागे माणसं खोळंबलेली. मावशी म्हणाल्या, "राहू दे गं ताई, उद्या दे. रोजचीच तर आहेस."

मी हसून वेळ मारून नेली. पण लिफ्टमध्ये शिरल्यावर हातपाय गार पडले, कारण मला आज्जी आठवली.

आज्जीचंही असंच सुरू झालं होतं. आधी ती कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरायला लागली. मग देवाला फुलं वाहून झाली तरी पुन्हा परडी घेऊन परसात जायची. शेवटच्या दोन वर्षांत ती आईला, म्हणजे जिच्याबरोबर तिनं एका स्वयंपाकघरात निम्मं आयुष्य काढलं त्या सुनेला, विचारायची, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" आई शांतपणे सांगायची, "मी तुमच्याकडचीच." आज्जी गेली तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. तेव्हापासून आमच्या घरात कुणी चष्मा कुठं ठेवला हे विसरलं, तरी बाकीचे एकमेकांकडे बघतात.

मी २८ वर्षांची आहे. त्या रात्री मी गुगलवर काय शोधलं असेल, ते तुम्हाला कळलंच असेल.

*

तेव्हा ऑफिसात काय चाललं होतं ते सांगायला हवं. लोकांचे पैसे इकडून तिकडे जातात त्या सिस्टीमच्या एका भागावर मी काम करते. आमची टीम आठ जणांची होती. दिवाळीनंतर दोघांना काढलं, एकानं स्वतःच सोडलं. काम तेवढंच राहिलं. उरलेल्या पाचात दोघं अगदी नवीन, त्यामुळे ऑन-कॉल आम्हा तिघांवर आला. पूर्वी दीड-दोन महिन्यांतून एकदा येणारा आठवडा आता दर तिसऱ्या आठवड्याला.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑन-कॉल म्हणजे रात्री दोन वाजता काही बिघडलं तरी तुमचा फोन वाजणार आणि पाच मिनिटांत तुम्ही लॅपटॉप उघडून बसलेलं असायला हवं. त्या अलर्टचा आवाज म्हणजे हळूहळू चढत जाणारी शिट्टी. मी अंघोळीला जाताना फोन साबणाशेजारी ठेवायचे. थिएटरात कोपऱ्यातली सीट घ्यायचे, म्हणजे पटकन बाहेर पडता येईल. आणि ज्या आठवड्यात ऑन-कॉल नसायचा, त्या आठवड्यातही रात्री अडीचला जाग यायची. फोन वाजलेला नसायचा. तरी मी तपासायचे.

विसरणं हळूहळू वाढत गेलं. ब्राउझरचा नवा टॅब उघडायचा आणि तो कशाला उघडला हेच आठवायचं नाही. एकाच कोडचं दोनदा रिव्ह्यू केलं आणि दोन्ही वेळा तीच शंका लिहिली. बोलता बोलता साधे शब्द सापडायचे नाहीत. एकदा रूममेटला "ते, कपडे वाळत घालायला लावतो ते" असं म्हणत उभी राहिले. चिमटा. चिमटा हा शब्द मला सापडत नव्हता.

याची चेष्टा करणं सोपं होतं. माझी रॅम भरलीय, मला रीस्टार्ट हवाय, असे विनोद आम्ही टीममध्ये रोज करायचो. तिघांचंही तेच चाललं होतं. त्यामुळे ते नॉर्मल वाटायचं.

*

मार्चमध्ये होळीच्या जोडून सुट्टीत कराडला घरी गेले. रविवारी दुपारी परत निघायची तयारी चालली होती. आई डब्यात पुरणपोळ्या भरत होती. बाबा बाहेर गेलेत हे बघून ती हळू आवाजात म्हणाली, "त्या डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटचं काय झालं गं? नाही म्हणजे, मिळत नसली तर राहू दे."

"कुठली अपॉइंटमेंट?"

आईनं डब्याचं झाकण लावलं. मग ते परत उघडलं. म्हणाली, "अगं, तुला फोनवर बोलले होते ना. गाठीचं."

कुठली गाठ? मला काहीच माहीत नव्हतं. मी तसं म्हटलंसुद्धा. "तू मला नाही सांगितलंस, आई. बाबांना सांगितलं असशील." आई म्हणाली, "बाबांना अजून कुठं सांगितलंय? फक्त तुलाच सांगितलं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आपलंच काही चुकलं असेल, अशा स्वरात ती बोलत होती. ते जास्त लागलं.

एसटीत बसल्यावर मी फोनमधले जुने कॉल बघितले. ११ फेब्रुवारी, मंगळवार, रात्री ९ वाजून ४७ मिनिटं. आईचा फोन. कालावधी ७ मिनिटं ४२ सेकंद.

मी इंजिनिअर आहे. रडण्याआधी लॉग तपासते. त्या रात्री आमच्याकडे एक मोठा बिघाड झाला होता. पेमेंट अडकत होते आणि त्यासाठी उघडलेल्या चॅटमध्ये वीसेक माणसं होती. मी तो चॅट उघडला आणि वेळा जुळवून बघितल्या. आई माझ्याशी बोलत होती त्या ७ मिनिटं ४२ सेकंदांत मी तिथं ११ मेसेज टाकले होते. सगळे मुद्देसूद. एकातही स्पेलिंगची चूक नव्हती.

त्या रात्रीचं मला बरंच काही आठवतं. एरर मेसेज शब्दन् शब्द आठवतो. आलेखातली लाल रेघ कुठून वर गेली ते आठवतं. वरच्या एकानं "अजून किती वेळ?" असं विचारलं, तो सूर आठवतो. चहावर धरलेली साय आठवते. आपल्या छातीत गाठ लागतेय हे माझी आई मला सांगतेय, हे मात्र आठवत नाही. आजही नाही. नंतर इतका प्रयत्न केला की मी तो संवाद कल्पनेनं तयार करू शकते, पण तो माझा बनवलेला आहे, हे मला माहीत आहे.

११ फेब्रुवारी ते १६ मार्च. ३३ दिवस. आई वाट बघत होती की मी पुण्यातल्या डॉक्टरांची वेळ घेईन. तिनं आठवण केली नाही, कारण "तू कामात असतेस".

*

त्यानंतरच्या रात्रींत मी मेंदूबद्दल जे मिळेल ते वाचत सुटले. स्वतःला समजून घ्यायला की स्वतःची सुटका करून घ्यायला, ते आता सांगता येत नाही.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला स्ट्रेस शिकवला होता: बल भागिले क्षेत्रफळ. लोखंडाच्या सळईवर किती भार टाकला की ती आधी ताणते, मग कायमची वाकते आणि मग तुटते, याचा आलेख परीक्षेत हमखास यायचा. हा शब्द माणसाच्या शरीराला चिकटवला हान्स सेली या शास्त्रज्ञानं. कॅनडात माँट्रियलला तो उंदरांवर प्रयोग करत होता. वेगवेगळ्या पद्धतीनं त्रास दिला तरी उंदरांच्या शरीरात ठरावीकच बदल होतात, हे त्यानं १९३६ साली 'नेचर'मध्ये एका छोट्या पत्रात मांडलं. अॅड्रिनल ग्रंथी सुजायच्या, थायमस आक्रसायची, पोटात व्रण व्हायचे. मेंदूचा त्यात उल्लेख नव्हता.

मेंदूपर्यंत ही गोष्ट आली १९६८ साली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन यांच्या गटाला दिसलं, की उंदराच्या शरीरातलं ताणाचं हार्मोन मेंदूत जाऊन एका भागात मोठ्या प्रमाणात धरून ठेवलं जातं. तो भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. कानाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे एकेक. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून हे ग्रीक नाव.

हिप्पोकॅम्पस काय करतो हे जगाला कळलं एका माणसाच्या नुकसानीतून. हेन्री मोलेसन हा अमेरिकन तरुण. त्याला फिट्स यायच्या. १९५३ साली, २७ व्या वर्षी, त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग ऑपरेशन करून काढून टाकला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर त्याच्या आयुष्यात नवीन काहीच साठेना. लहानपणीचं आठवायचं. मात्र ब्रेंडा मिलनर या शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्याला भेटत राहिल्या, तरी दर वेळी त्यांना नव्यानं ओळख करून द्यावी लागायची. २००८ साली तो गेला, तोवर असंच.

म्हणजे घडलेल्या गोष्टीची आठवण होण्यासाठी तिला ज्या दारातून जावं लागतं, नेमकं तेच दार ताणाच्या हार्मोनला जास्त प्रतिसाद देतं. थोडा ताण असला तर दार नीट उघडतं. पहिला पगार, पहिलं भांडण, अपघात या गोष्टी म्हणूनच लक्षात राहतात. पण ताण महिनोन्महिने हटलाच नाही, तर दार अडखळायला लागतं.

साठवणं वेगळं आणि साठवलेलं बाहेर काढणं वेगळं, हे मला तेव्हाच कळलं. तुम्ही कधी व्हायवा दिली असेल तर दुसरी गोष्ट तुम्हाला माहीत आहे. एक्स्टर्नल विचारतो, तोंड कोरडं पडतं, रात्रभर घोकलेलं गायब. आणि बाहेर येऊन जिना उतरताना सगळं आठवतं. १९९८ साली उंदरांवर असाच प्रयोग झाला. पाण्यात लपवलेला चौथरा कुठं आहे हे त्यांना आधी शिकवलं. नंतर परीक्षेच्या आधी शॉक दिला. शॉक २ मिनिटं आधी किंवा ४ तास आधी दिला तर उंदरांना चौथऱ्याची जागा आठवत होती. ३० मिनिटं आधी दिला तर मात्र आठवत नव्हती, कारण ताणाचं हार्मोन चढायला तेवढा वेळ लागतो. चौथरा कुठं आहे ते डोक्यात होतंच. त्या वेळेपुरतं हाती लागत नव्हतं. माझा यूपीआय पिन दुसऱ्या दिवशी दात घासताना आपोआप आठवला होता.

आईचा फोन मात्र या प्रकारातला नव्हता. तो आतच गेला नव्हता. कपाळामागचा जो भाग एका वेळी चार गोष्टी हातात धरून ठेवतो, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, तो ताणाच्या लाटेत सगळ्यात आधी ढिला पडतो. येल विद्यापीठाच्या एमी आर्नस्टेन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. मग लक्ष चिंचोळं होतं. समोर जो धोका आहे तेवढाच दिसतो. माझ्यासाठी तो धोका एक लाल रेघ होती. कानाला लावलेल्या फोनमधून येणारा आवाज त्या चिंचोळ्या वाटेच्या बाहेर राहिला.

माझ्या डोक्यात नेमकं काय झालं हे कुणी मोजलेलं नाही. पण हे वाचून एक गोष्ट लक्षात आली. मी समजत होते की मी सगळंच विसरतेय. तसं नव्हतं. ऑफिसची एकही गोष्ट विसरली नव्हती. ताण पाटी कोरी करत नव्हता. पाटीवर काय लिहायचं, ते माझ्या वतीनं ठरवत होता.

*

आईची तपासणी पुढच्याच आठवड्यात झाली. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, मग सुईची तपासणी. रिपोर्टला चार दिवस. त्या चार दिवसांत आम्ही दोघी वाकडच्या फ्लॅटवर होतो. आईनं माझ्या सगळ्या डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावल्या, मोहरी, जिरं, मेथी दाणे. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "हात रिकामे राहात नाहीत."

रिपोर्ट घ्यायला जाताना मी वही घेऊन गेले. डॉक्टर जे बोलतील ते लिहून काढायचं, कारण आता माझ्यावर माझाच भरवसा नव्हता. त्या वहीत पहिली ओळ आहे: साधी पाण्याची गाठ. दुसरी ओळ: कॅन्सर नाही. त्यानंतर पानभर मजकूर आहे, सहा महिन्यांनी परत दाखवायचं वगैरे, पण अक्षर इतकं वाकडं की आता वाचता येत नाही.

सगळं ठीक निघालं, म्हणून मी हे लिहू शकतेय. ठीक निघालं नसतं तर ते ३३ दिवस मी कुठं ठेवले असते, ते मला माहीत नाही.

आईनंच मग मलाही डॉक्टरकडे नेलं. त्यांनी थायरॉइड, बी-१२, झोप, सगळं विचारलं, तपासलं. बी-१२ बरंच कमी निघालं. मला क्षणभर आनंद झाला: म्हणजे बग सापडला, इंजेक्शन घ्या, प्रश्न मिटला. डॉक्टर म्हणाल्या, "इंजेक्शनं घे. पण सगळं त्याच्यावर ढकलू नकोस. तू सलग किती तास झोपतेस?" मी आज्जीचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मग काही वस्तूंची नावं लक्षात ठेवायला सांगितली, घड्याळ काढायला लावलं, १०० मधून ७ वजा करत जायला लावलं. म्हणाल्या, हे आज्जीसारखं दिसत नाही. तुला डोकं वापरायला जागा हवीय.

त्याच महिन्यात ऑफिसात ताणतणाव व्यवस्थापनावर एक वेबिनार झाला. दीर्घ श्वास घ्या, कृतज्ञतेची डायरी लिहा, रात्री स्क्रीन टाळा. मी ऑन-कॉल होते, म्हणून तो वेबिनार अर्धाच ऐकला. त्या क्षणी वाटलं, आमचा सर्व्हर ९५ टक्क्यांवर गेला की आम्ही काय करतो? शेजारी दुसरा सर्व्हर उभा करतो. आत्तापर्यंत कुणी सर्व्हरला प्राणायाम करायला सांगितलेलं मी ऐकलं नाही.

प्राणायाम वाईट असं नाही. पण आठ जणांचं काम पाच जण करत असतील, तर ते पाचांच्या श्वासाचं काम नसतं. हे मी मॅनेजरला लिहून कळवलं. आईच्या गाठीचं आणि ३३ दिवसांचंही लिहिलं. पाठवायच्या आधी तीनदा खोडलं. दोन महिने मला ऑन-कॉलमधून वगळलं. माझा भार उरलेल्या दोघांवर पडला, आणि त्याची टोचणी वेगळी. जूनमध्ये नवीन दोघं आले, तेव्हा कुठं जरा सुटका झाली.

*

बरं होतं का? बरंच होतं. २००९ साली अमेरिकेत मेडिकलच्या २० विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला. मोठ्या परीक्षेच्या महिनाभराच्या ताणानंतर त्यांना एका गोष्टीवरून दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष वळवणं जड जात होतं आणि ते मेंदूच्या स्कॅनमध्येही दिसत होतं. परीक्षेनंतर महिनाभर निवांत गेल्यावर ते पूर्ववत झाले. माझंही साधारण तसंच झालं. मेमध्ये एक दिवस मी सलग दोन तास पुस्तक वाचलं आणि उठल्यावर मला त्यातल्या पात्रांची नावं आठवत होती.

पण सगळंच पूर्ववत होत नाही. बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमध्ये सुमंत्र चटर्जी यांच्या गटानं उंदरांना १० दिवस, रोज २ तास जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आक्रसल्या. पण अमिग्डाला, म्हणजे जो भाग भीती ओळखतो आणि लक्षात ठेवतो, तिथल्या पेशींच्या फांद्या उलट वाढल्या. मग उंदरांना २१ दिवस कसलाच त्रास दिला नाही. हिप्पोकॅम्पस सावरला. अमिग्डालातल्या वाढलेल्या फांद्या तशाच राहिल्या.

मी उंदीर नाही, हे मान्य. पण मागच्या महिन्यात स्वारगेटला जाणाऱ्या बसमध्ये कुणाच्या तरी फोनची रिंगटोन वाजली, चढत जाणारी शिट्टी. माझा हात आपोआप बॅगेत गेला आणि छाती धडधडायला लागली. मला ऑन-कॉल नसून तेव्हा तीन महिने होऊन गेले होते.

आता आईचा फोन आला की मी लॅपटॉप बंद करते. नुसता खाली ढकलत नाही, बंद करते. कधीकधी जमत नाही, तेव्हा सांगते, "आई, आत्ता मी ऐकत नाहीये, अर्ध्या तासानं करते." तिला ते आधी उद्धट वाटलं. आता सवय झालीय.

गणपतीत घरी गेले होते तेव्हा एका रात्री मोदकाचं सारण करताना तिला विचारलं, "आई, त्या दिवशी फोनवर तू नेमकं काय म्हणाली होतीस?" मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तो संवाद माझ्याकडे नाही, पण तिच्याकडे असेल, तिच्याकडून घेता येईल, असं वाटलं.

ती बराच वेळ खोबरं परतत राहिली. मग म्हणाली, "मला तरी कुठं आठवतंय? सकाळीच हाताला लागली होती गाठ. दिवसभर घाबरलेली होते. कशी सुरुवात केली, काय बोलले, काही आठवत नाही बघ."

"काहीच नाही?"

"तुझं 'हं, हं' आठवतंय," आई म्हणाली. "आणि मागून टाइपिंगचा आवाज येत होता, तो."